टोर्नेडो येऊन गेल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२७ एप्रिल २०११ ला, टोर्नेडोंनी थैमान घातलं त्या दिवशी, आम्ही अमेरिकेतल्या उत्तर अलाबामात, हंट्सव्हिलच्या शेजारी मॅडिसनला राहत होतो. आजही तिथेच आहोत. मार्च लागला की इकडे नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे निरोप सुरू होतात. कुठे मोठा तडाखा बसला की मग दिवसाला दहा-दहा, आणि प्रश्न तेच. एकच उत्तर चाळीस वेळा टाइप केल्यावर सगळं एका जागी लिहून ठेवायचं ठरवलं.

मी वकील नाही, इन्शुरन्सवालीही नाही. जे आम्ही निस्तरलं, मित्रांबरोबर रांगेत उभं राहून शिकलो, ते इथे आहे. नियम राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून सही करण्याआधी एकदा ताजी माहिती बघाच.

१. टोर्नेडो म्हणजे आपलं चक्रीवादळच ना?

नाही. कोकणाने पाहिलेलं 'निसर्ग' किंवा 'तौक्ते' ही समुद्रावर तयार झालेली, शेकडो किलोमीटर पसरलेली वादळं. ती दोन-तीन दिवस आधी कळतात. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो, रुंदीला फार तर दोन-चार किलोमीटर, आणि एका घरावरून जायला त्याला मिनिटसुद्धा लागत नाही. उन्हाळ्यात माळावर उठते ती वावटळही वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून वर जाते, ढगाशी तिचा संबंध नसतो.

हा प्रकार फक्त अमेरिकेतच होतो असंही नाही. जगातला सर्वांत जीवघेणा मानला जाणारा टोर्नेडो बांगलादेशातला: २६ एप्रिल १९८९, दौलतपूर-सातुरिया, सुमारे १,३०० बळी.

एकाच हवामान यंत्रणेतून पाठोपाठ अनेक टोर्नेडो आले की त्याला इथे 'आउटब्रेक' म्हणतात. २५ ते २८ एप्रिल २०११ या चार दिवसांत ३६० च्या आसपास टोर्नेडो झाले. त्यांतल्या २७ तारखेच्या एका दिवसात ३०० हून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक अलाबामातली. या राज्यात त्या दिवशी ६२ टोर्नेडो नोंदले गेले.

२. बातमीत 'ईएफ-४', 'ईएफ-५' म्हणतात. हे कोण ठरवतं? आमच्या क्लेमला त्याचा उपयोग होतो का?

'ईएफ' हे टोर्नेडोच्या तीव्रतेचं माप. राष्ट्रीय हवामान सेवेची माणसं नंतर प्रत्यक्ष येऊन पडझड बघतात आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढतात. म्हणजे आकडा आधी नाही, दोन-चार दिवसांनी कळतो. ईएफ-५ म्हणजे ताशी २०० मैलांच्या, म्हणजे ३२२ किलोमीटरच्या वर. २०११ चा हॅकलबर्ग–फिल कॅम्पबेलचा टोर्नेडो ईएफ-५ होता. १३२ मैल जमिनीवर चालला आणि ७२ जण गेले. टस्कलूसा–बर्मिंगहॅमचा ईएफ-४ होता. त्याने ६४ बळी घेतले.

क्लेमला मात्र काडीचा उपयोग नाही. इन्शुरन्स कंपनी तुमच्या छपराकडे बघते, आकड्याकडे नाही.

३. आमच्या भागात एक कौलही हललं नाही, तरी आठवडाभर वीज का नव्हती?

कारण वीज तुमच्या गल्लीत तयार होत नाही. २०११ मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मोठमोठे मनोरे मोडून पडले. इथल्याच ॲथेन्स गावाजवळच्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या तिन्ही अणुभट्ट्या बाहेरची वीज तुटल्यावर आपोआप बंद झाल्या. त्या शाबूत होत्या, पण वीज बाहेर न्यायला ताराच नव्हत्या. अख्खं हंट्सव्हिल अंधारात गेलं.

त्याचे परिणाम आधी सुचत नाहीत. पेट्रोल पंप विजेवर चालतात, म्हणून टाकीत पेट्रोल असूनही पंप बंद. कार्डाची यंत्रं बंद, म्हणून रोखच चालते, आणि एटीएमही बंद. सिग्नल बंद, म्हणून प्रत्येक चौकात 'चार बाजूंनी थांबा'चा नियम. रात्री संचारबंदी. आम्ही पेट्रोलसाठी राज्याची हद्द ओलांडून टेनेसीत गेलो आणि जायला-यायलाच पाव टाकी संपवली. तेव्हापासून घरात डाळीच्या डब्यामागे दोनशे डॉलर, सगळे पाच-दहाच्या नोटांत. शंभरची नोट दिलीत तर सुटे कोण देणार?

४. फ्रीजमधलं काय ठेवायचं, काय टाकायचं?

दार उघडलं नाही तर फ्रीज चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यानंतर दूध, दही, पनीर, शिजवलेली भाजी, भिजवलेलं इडलीचं पीठ सगळं टाका. वास घेऊन, चाखून ठरवू नका. लोणचं, तूप, मसाले, कोरडी पिठं टिकतात.

इन्सुलिन असेल तर घाबरून फेकू नका. सुरू असलेलं किंवा न उघडलेलं बहुतेक इन्सुलिन १५ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये २८ दिवस चालतं. उन्हात आणि गाडीत मात्र ठेवायचं नाही. शंका असेल तर फार्मसिस्टला विचारा.

टाकण्याआधी उघड्या फ्रीजचा फोटो काढा. बऱ्याच पॉलिसींत खराब झालेल्या अन्नासाठी ठरावीक रक्कम असते.

५. घरातली शेगडी विजेची आहे. गॅस ग्रिल गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवून लावली तर चालेल ना?

नाही, नाही आणि नाही. ग्रिल, कोळसा, जनरेटर यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅरेजचं दार उघडं असलं तरी तो घरात शिरतो. वादळातून सहीसलामत सुटलेली माणसं दर वेळी नंतरच्या आठवड्यात जनरेटरमुळे मरतात. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड खिडक्यांपासून उलट दिशेला.

ग्रिल अंगणात लावा आणि त्यावर खुशाल कुकर चढवा. आमच्या शेजाऱ्यांनी शिट्टी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते बाहेर धावत आले, त्यांना वाटलं टोर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. पाचव्या दिवशी तेच शेजारी वाडगं घेऊन खिचडीला हजर.

६. घराच्या दारावर कोणीतरी नारंगी रंगाने मोठी फुली मारली आहे. पाडणार आहेत का?

नाही. ती शोधपथकाची खूण आहे. फुलीच्या चार खाचांत साधारण असं असतं: डावीकडे पथकाचं नाव, वर तारीख आणि वेळ, उजवीकडे आतले धोके (गॅस, साप, कोसळू शकणारं छप्पर), आणि खाली किती माणसं सापडली. खाली शून्य असेल तर आत कोणी नव्हतं. एकच तिरकी रेघ असेल तर पथक आत गेलं आहे, काम पूर्ण व्हायचं आहे.

घर राहण्यालायक आहे की नाही हे सांगणारी चिठ्ठी वेगळी. ती शहराचा किंवा काउंटीचा (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) इमारत निरीक्षक लावतो. लाल चिठ्ठी असेल तर आत जायचं नाही, 'फक्त पासपोर्ट घेऊन येतो' म्हणूनही नाही. सोबत कोणी अधिकृत माणूस देतात का ते विचारा. रंग लगेच खरवडू नका, आधी फोटो घ्या.

७. आत जायला परवानगी मिळाली. पहिलं काय करायचं?

दारातच थांबून वास घ्या. गॅसचा वास आला किंवा सूं असा आवाज आला तर मागे फिरा, दिव्याचं बटणही दाबू नका, लांब जाऊन फोन करा. लोंबणारी प्रत्येक तार जिवंत आहे असंच धरून चाला.

पायात जाड तळव्याचे बूट, हातात कातडी मोजे. चपला घालून आलेले आपले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या तळव्यातून आरपार गेलेले खिळेही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. मळकट जखमेला पाच वर्षांहून जुनं इंजेक्शन पुरत नाही.

बारीकशी जखमही साबणाने धुवा आणि दोन दिवसांत ठणकायला, काळवंडायला लागली तर थेट डॉक्टर. २२ मे २०११ च्या जॉप्लिन, मिसुरी इथल्या टोर्नेडोनंतर १३ जखमींना म्युकरमायकोसिस झाला आणि त्यांतले पाच गेले. कोविडनंतर महाराष्ट्रात धुमाकूळ घालणारी तीच ती काळी बुरशी. इथे ती नाकातून नाही, माती आणि लाकडाच्या ढलप्या घुसलेल्या जखमांतून शिरली.

८. इन्शुरन्सचा माणूस येईपर्यंत सगळं तसंच ठेवायचं का? पाऊस आत येतोय.

तसंच ठेवायचं नाही. आणखी नुकसान होऊ न देणं ही पॉलिसीनुसार तुमचीच जबाबदारी असते. पण क्रम पाळा. आधी फोटो आणि व्हिडिओ, मग ताडपत्री.

व्हिडिओ काढताना बोलत चला: "हा हॉल, हा टीव्ही, दोन वर्षांपूर्वी घेतला, ह्या आईच्या पैठण्या, सहा." कपाटं उघडा, ड्रॉवर उघडा. उपकरणांच्या मागच्या पाटीवरचे नंबर घ्या. ताडपत्री, खिळे, प्लायवूड, हॉटेल, सगळ्यांच्या पावत्या एका पाकिटात. भिजलेला गालिचा टाकावाच लागला तर हातभर तुकडा कापून ठेवा; त्यावरून दर्जा ठरतो.

दागिन्यांना नेहमीच्या पॉलिसीत मर्यादा असते, तीही चोरीपुरती लिहिलेली असू शकते. आपल्याकडचं सोनं बघता वेगळी नोंद करून घेतलेली बरी. हे आता सांगून उपयोग नाही, हे मला कळतं.

रस्त्याकडेला मलबा टाकताना ढीग वेगळे करा: झाडांच्या फांद्या, बांधकामाचं सामान, फ्रीजसारखी उपकरणं, टीव्ही-कॉम्प्युटर, रंग-रसायनं. सगळं एकत्र टाकलंत तर गाडी ढीग सोडून पुढे जाते.

९. नुकसान २२,००० डॉलरचं, चेक आला ९,००० चा. फसवलं का?

बहुधा नाही. दोन वजाबाक्या झालेल्या असतात.

पहिली डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा पहिला हिस्सा. वारा-गारांसाठी तो अनेकदा वेगळा आणि टक्क्यांत असतो, आणि टक्के नुकसानीचे नव्हे, घराच्या विमा रकमेचे. घर ३ लाखांचं आणि डिडक्टिबल २ टक्के असेल तर पहिले ६,००० तुमचे.

दुसरी घसारा. छप्पर पंधरा वर्षं जुनं म्हणून आधी त्याची आजची किंमत देतात. पॉलिसी 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ची असेल तर काम पूर्ण करून बिलं दिल्यावर कापलेली रक्कम परत मिळते. ती मागावी लागते आणि तिला मुदत असते. कित्येक जण दुसरा चेक मागतच नाहीत. पॉलिसी 'ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू'ची असेल तर दुसरा चेक नाही.

हिशेबात एखादी गोष्ट सुटली असेल तर काँट्रॅक्टरचा अंदाज जोडून 'सप्लिमेंट' मागा. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेल करा: आज इतक्या वाजता अमुक नावाच्या व्यक्तीशी असं बोलणं झालं. मोठ्या आपत्तीत ॲडजस्टर, म्हणजे नुकसान मोजणारी कंपनीची माणसं, बाहेरच्या राज्यांतून आणलेले असतात आणि तीन आठवड्यांनी बदलतात. नव्याला तुमचं काहीच माहीत नसतं.

१०. आम्ही अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतो. मालकाचा इन्शुरन्स आमचं सामान भरून देईल ना?

नाही. त्याचा इन्शुरन्स भिंतींचा. तुमचा सोफा, लॅपटॉप, भांडी तुमच्या रेंटर्स इन्शुरन्समधून. महिन्याला साधारण दोन पिझ्झांच्या किमतीत मिळतो आणि आपली मुलं नेमका तिथेच खर्च वाचवतात. त्यात घर राहण्यालायक नसताना हॉटेलचं भाडं आणि वाढलेला जेवणाचा खर्चही येतो. वाढलेला म्हणजे नेहमीपेक्षा जास्त होणारा तेवढाच.

लीजचं म्हणाल तर अलाबामाच्या भाडेकरू कायद्यात अशी आपत्ती येऊन घर राहण्याजोगं उरलं नाही तर भाडेकरू ताबडतोब बाहेर पडू शकतो. मात्र त्यानंतर १४ दिवसांच्या आत मालकाला लेखी कळवायचं. नुसतं निघून गेलात तर भाडं चालू राहिलं म्हणून बिल येईल.

११. शेजाऱ्याचं झाड आमच्या छपरावर पडलं. पैसे तो देणार ना?

आपल्या मनाला तसंच वाटतं, पण नाही. वाऱ्याने पडलेलं झाड जिथे पडलं त्या घराचा इन्शुरन्स बघतो. अपवाद: झाड आधीच वाळलं-कुजलं होतं आणि तुम्ही तसं लेखी कळवलं होतं. झाड नुसतं अंगणात आडवं झालं, कशावरही पडलं नाही, तर ते उचलायचे पैसे बहुधा मिळत नाहीत किंवा फार थोडे.

गाडीवर पडलं तर घराचा नाही, गाडीचा इन्शुरन्स, तोही 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घेतला असेल तरच. जुन्या गाडीवर फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता इन्शुरन्स) ठेवणाऱ्यांना इथे काही मिळत नाही.

१२. काँट्रॅक्टर स्वतःच दारात आलाय. म्हणतो डिडक्टिबल भरू नका, आम्ही 'ॲडजस्ट' करतो. करू का?

दार लावून घ्या.

आमचं सांगते. तिसऱ्या दिवशी एक जण आला. गोड बोलणं, नवा ट्रक, दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट. छपरावर चढला, मोबाइलवर फोटो दाखवले, आणि म्हणाला, "ही फक्त छप्पर तपासायची परवानगी आहे, इथे सही करा." नवऱ्याने पेन हातात घेतलंही होतं. खालचा बारीक मजकूर वाचला तर क्लेमची सगळी रक्कम त्याच्या कंपनीकडे वळवण्याचा तो करार होता. सही केली नाही. पुढच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने केली, अर्धे पैसेही आगाऊ दिले. त्यांच्या छपरावर ऑगस्टपर्यंत निळी ताडपत्री होती.

डिडक्टिबल माफ करतो म्हणणारा एकतर बिल फुगवणार किंवा माल हलका वापरणार. बिल फुगवणं ही इन्शुरन्सची फसवणूक, आणि क्लेमवर सही तुमची असते. राज्याचा परवाना ऑनलाइन तपासा. इन्शुरन्सचा दाखला काँट्रॅक्टरकडून नको, त्याच्या विमा एजंटकडून मागवा. टप्प्याटप्प्याने पैसे द्या, आणि शेवटचा हप्ता परवाना खात्याची तपासणी झाल्यावर. ओळखीच्या स्थानिक माणसासाठी दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा. त्या दोन महिन्यांत चांगली ताडपत्री पुरते, नीट ठोकलेली असली पाहिजे.

१३. इन्शुरन्सच्या चेकवर आमच्या नावाबरोबर बँकेचंही नाव आहे. का?

घरावर कर्ज आहे म्हणून. बँक पाठीमागे सही करते किंवा रक्कम स्वतःकडे ठेवून कामाच्या प्रगतीनुसार सोडते. आजच बँकेला फोन करून इन्शुरन्सचे चेक हाताळणारा 'लॉस ड्राफ्ट' विभाग मागा, नाहीतर चेक तीन आठवडे फिरत बसतो. घर जमीनदोस्त झालं तरी हप्ता थांबत नाही. काही महिन्यांची सवलत लेखी मागता येते, आपोआप लागत नाही.

१४. फेमा म्हणजे काय? एच-१बी वाल्यांना तिथून पैसे मिळतात का?

फेमा म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती यंत्रणा. राष्ट्राध्यक्षांनी 'मोठी आपत्ती' जाहीर केली आणि तुमची काउंटी 'वैयक्तिक साहाय्या'च्या यादीत असली तरच घरोघरच्या लोकांना अर्ज करता येतो. २०११ मध्ये अलाबामासाठी ही घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली. २९ एप्रिलला ओबामा स्वतः टस्कलूसात होते. कधी आठवडे जातात. अर्जाला साधारण ६० दिवस मिळतात. फोन १-८००-६२१-३३६२, किंवा त्यांच्या संकेतस्थळावर. भारतातल्या पंचनाम्याशी तुलना करू नका. इथे तलाठी येत नाही, तुम्ही अर्ज केला तरच तुम्ही आहात.

आता आपला प्रश्न. रोख मदत नागरिकांना, ग्रीनकार्डधारकांना आणि असायलम (आश्रय) मिळालेले वगैरे काही ठरावीक वर्गांना मिळते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसांवर असलेल्यांना स्वतःच्या नावावर नाही. *पण* घरात इथे जन्मलेलं १८ वर्षांखालचं मूल असेल तर त्या नागरिक मुलाच्या वतीने आई-वडील अर्ज करू शकतात. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. ही वाट असूनही आपले कित्येक जण 'आम्ही बसत नाही' म्हणून अर्जच करत नाहीत. मूल नसेल किंवा ते भारतात जन्मलेलं असेल तर रोख मदतीची ही वाट बंद.

निवारा, जेवण, पाणी, समुपदेशन यांना व्हिसा कोणी विचारत नाही. खोटं मात्र कुठेही लिहू नका; 'मी नागरिक आहे' या चौकटीत चुकून केलेली खूणही पुढे इमिग्रेशनमध्ये महागात पडते.

१५. फेमाचं 'पात्र नाही' असं पत्र आलं. संपलं?

बहुतेकदा नाही. त्या पत्राचा अर्थ अनेकदा 'एक कागद कमी आहे' एवढाच असतो, आणि तो कागद बहुधा इन्शुरन्स कंपनीचं उत्तर असतं. इन्शुरन्सने दिलेल्या गोष्टीचे पैसे फेमा पुन्हा देत नाही, म्हणून आधी त्यांना कंपनीचा होकार किंवा नकार लेखी हवा. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करा, प्रत्येक पानावर अर्ज क्रमांक लिहा.

१६. पासपोर्ट, आय-७९७ (अर्ज मंजुरीची नोटीस), ग्रीनकार्ड सगळं उडून गेलं.

आधी पोलिसांत नोंद. पुढचं सगळं त्या एका कागदावर चालतं. भारतीय पासपोर्टसाठी व्हीएफएसमार्फत हरवलेल्या पासपोर्टचा अर्ज. अलाबामा सध्या अटलांटाच्या वकिलातीकडे येतं. विमानाने आला असाल तर आय-९४ (देशात आल्याची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून काढता येतो. आय-७९७ ची दुसरी प्रत कंपनीने मागायची असते. ग्रीनकार्डसाठी आय-९० हा अर्ज.

एक गोष्ट सगळे विसरतात. राहायला दुसरीकडे गेलात तर १० दिवसांत एआर-११ भरून पत्ता बदल कळवायचा. आणि कंपनीने 'तात्पुरतं दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात जा' म्हटलं तर एच-१बी वर ते इतकं सरळ नाही. जागा बदलली की सुधारित अर्ज लागू शकतो. निघण्याआधी कंपनीच्या वकिलाकडून ईमेलवर होकार घ्या.

१७. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत. चर्चमध्ये जेवायला जायला बाबा तयार नाहीत.

अलाबामात आपत्तीनंतर सगळ्यांत आधी चर्चचं स्वयंपाकघर उघडतं. कुणाचा धर्म कोणी विचारत नाही. माझे सासरे दोन दिवस "आपण काय भिकारी आहोत?" म्हणत गाडीतच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या हातात झाडू दिला आणि म्हणाल्या, माणसं कमी आहेत. मग ते रोज सकाळी सातला तिथे. शाकाहारी आहोत हे आधी सांगा, कारण इथे घेवड्यातही डुकराच्या मांसाचा तुकडा टाकतात. नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही.

त्यांची औषधं गेली असतील तर भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी मोबाइलवर मागवून अर्जंट केअरला दाखवा. परतीची तारीख हुकणार असेल तर आय-९४ संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज, आय-५३९. रोख मदतीचं उत्तर प्रश्न १४ मध्ये.

१८. मी पुण्यात आहे, मुलीचा फोन लागत नाही. काय करू?

सारखा फोन लावू नका. टॉवर आधीच कोलमडलेले असतात. एक मेसेज टाका, लाइन मोकळी झाली की तो जातो. इकडच्यांनी दुसऱ्या राज्यातला एक माणूस ठरवून ठेवावा आणि सगळ्यांनी त्यालाच कळवावं. आमचा माणूस न्यू जर्सीचा मावसभाऊ. टीव्हीवरची गावाची नावं ऐकून घाबरू नका, काउंटी केवढी मोठी असते ते नकाशात बघा.

१९. आम्ही मंडळातर्फे कपडे गोळा केलेत. कुठे पाठवू?

पाठवू नका, मनापासून सांगते. कपडे निवडायला माणसं लागतात, गोदाम लागतं. पैसे किंवा दुकानाची गिफ्ट कार्डं द्या. भारतातून आप्तांना द्यायचे असतील तर थेट त्यांच्या खात्यात. वस्तूच द्यायची तर ताडपत्री, कातडी मोजे, मोठ्या काळ्या पिशव्या, डायपर. आणि सहा आठवड्यांनी विचारा, कारण तोवर बाकी सगळे विसरलेले असतात.

२०. आमच्या अंगणात कोणाच्यातरी लग्नाचा फोटो पडलाय.

जपून ठेवा. हलका कागद ढगात वर ओढला जातो आणि फार लांब जाऊन पडतो. २०११ च्या त्या वादळात एक फोटो सुमारे ३५० किलोमीटर गेल्याची नोंद आहे. तेव्हा फेसबुकवर एका बाईंनी अशा सापडलेल्या वस्तूंचं पान काढलं आणि हजारो फोटो, कागद मूळ घरी पोचले. ओला फोटो पुसू नका, सपाट ठेवून सावलीत वाळवा. चेक किंवा वैद्यकीय कागद असेल तर त्याचा फोटो जगजाहीर करू नका. स्थानिक ग्रंथालय किंवा पोलिसांकडे द्या.

२१. वारा सुटला की आठ वर्षांची मुलगी उशी घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसते. दोन महिने झाले.

तिला तेव्हा तिथे बसवूनच तुम्ही वाचवलंत, मग ती चुकीचं काय करते? हसू नका, ओढून बाहेरही काढू नका. तिला एक काम द्या. आमच्या मुलीकडे रेडिओची बॅटरी तपासायचं काम होतं. झोप, शाळा, जेवण बिघडलेलं असेल तर शाळेच्या समुपदेशकाशी बोला. मोठ्यांसाठीही आपत्तीनंतरची मदतरेषा आहे: १-८००-९८५-५९९०. 'आपलं तर काहीच गेलं नाही, आपण कशाला फोन करायचा' हा विचार आपल्यातल्या बायकाच जास्त करतात. करा फोन.

२२. बेसमेंट नाही. पुढच्या वेळी लपायचं कुठे?

सर्वांत खालचा मजला, घराच्या मधोमध, खिडकी नसलेली लहान खोली. डोक्याला हेल्मेट, मुलांचं सायकलचं चालतं. पायात बूट (प्रश्न ७). खिडक्या उघडून दाब कमी करायची गोष्ट भाकड आहे, पुलाखाली आसरा घेणं तर आणखी घातक. मोबाइल होममध्ये थांबायचंच नाही. 'वॉच' लागला, म्हणजे परिस्थिती जुळून आली, की निघायचं. 'वॉर्निंग' म्हणजे टोर्नेडो दिसला किंवा रडारवर आला. तेव्हा फोटो काढायला ओसरीवर जायचं नाही. हे आपल्या मुलांना वेगळं सांगावं लागतं.

भोंगा घराबाहेरच्यांसाठी असतो, झोपलेल्यांना ऐकू येईल याची खात्री नाही. २७ एप्रिलला पहाटेच्याच वादळाने वीज आणि हवामान रेडिओचे काही प्रक्षेपक पाडले होते, त्यामुळे दुपारी खरा राक्षस आला तेव्हा बऱ्याच लोकांपर्यंत सूचनाच पोचली नाही. म्हणून बॅटरीवरचा रेडिओ आणि मोबाइल, दोन्ही.

२३. घर पुन्हा बांधतोय. जुन्याच नकाशावर बांधलं तर इन्शुरन्स सगळा खर्च देईल ना?

इथेच लोक अडकतात. घर १९८० चं असेल तर आज जुन्या पद्धतीने बांधायला शहर परवानगी देत नाही. वायरिंग, इन्सुलेशन, पाया, सगळं नव्या नियमांनुसार. हा वाढीव खर्च साध्या पॉलिसीत नसतो किंवा थोडाच असतो. पॉलिसीत 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' हे शब्द शोधा. छपराचे वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या. घर उघडं असताना हे काम स्वस्तात होतं, नंतर सीलिंग फोडावं लागतं. सेफ रूम, म्हणजे टोर्नेडोत लपायची भक्कम खोली, करायची तर ताशी २५० मैलांच्या वाऱ्याला टिकणारीच करा.

आणि ज्यांचं घर अजून उभं आहे त्यांनी हे कव्हर रिन्यूअलच्या वेळी, शांत महिन्यात वाढवून घ्या. वादळ तोंडावर आलं की कंपन्या नवीन कव्हर देणं तात्पुरतं बंद करतात, आणि एजंटचा फोन लागतच नाही.